टाकीतली राखीव हवा

९ जानेवारी, सांगली

नवं कालनिर्णय समोर घेतलं आणि वैशाख शुद्ध अष्टमीभोवती पेन्सिलीने गोल केला. ती यंदा एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात येते. अंदमानला बुड्या मारायच्या तर तिथी बघायलाच हवी. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेत पाणी ओढतात, भरती-ओहोटीतलं अंतर वाढतं आणि तेवढं सगळं पाणी सहा-सहा तासांत ये-जा करू लागलं की खालचा प्रवाहही तसाच जोराचा होतो. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात जाते आणि समुद्र मवाळ होतो. कोकणात याला भांग म्हणतात. त्याचा परिणाम अष्टमीनंतर एक-दोन दिवस जास्त जाणवतो, म्हणून मुक्काम अष्टमीच्या आदल्या दिवशी सुरू करून पुढे लांबवायचा.

बारावीच्या पेपरांचे गठ्ठे एप्रिलच्या मध्यापर्यंत हातावेगळे होतात. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला अंदमानात मोसमी पाऊस दाखल होतो. त्या दोहोंच्या मधली ही फट. तेव्हा समुद्र बहुधा शांत असतो, पाणी २९-३० अंशांवर असतं आणि चांगल्या दिवशी वीस-वीस मीटरपर्यंत दिसतं.

ठिकाण ठरलेलंच आहे: स्वराज द्वीप. डिसेंबर २०१८ मध्ये हे नाव मिळालं, पण बोटवाल्यांच्या आणि डायव्हिंगवाल्यांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे. लक्षद्वीपला परवान्यांची खटपट मोठी. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी जवळचं खरं, पण ते दोन दिवसांचं काम. मला प्रवाळांपाशी सलग चार-पाच सकाळी हव्या आहेत.

१४ जानेवारी

तिळगुळाबरोबर घरात विषय काढला. आईने वडी हातातच धरून विचारलं, “एकटीच?” वहिनी म्हणाली, “अहो ताई, निदान मैत्रीण तरी घ्या बरोबर.” मैत्रिणींपैकी कुणाला पोहता येत नाही, ज्यांना येतं त्यांना पाण्याखाली जायचं नाही. भाऊ पाण्यात उतरायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आईला समजावून सांगितलं की विमानात एकटी, बोटीत एकटी, खोलीत एकटी. पाण्यात मात्र एकटी नाही. एकट्याने बुडी मारणं ही वेगळी विद्या आहे. तिचं वेगळं प्रमाणपत्र असतं. एसडीआय ही संस्था ते देते, आणि त्यासाठी आधीच्या किमान १०० बुड्यांची नोंद मागते. असे लोक हवेचं दुसरं स्वतंत्र सिलेंडर आणि दुसरा रेग्युलेटर अंगावर बाळगतात, म्हणजे जोडीदाराकडून मिळणारी मदत ते स्वतःबरोबर नेतात. तो माझा रस्ता नाही. माझ्या कार्डावर लिहिलंय: जोडीदाराबरोबर, १८ मीटरपर्यंत.

“मग तो जोडीदार कोण?” आईने विचारलं.

ते अजून मलाही माहीत नाही. त्या सकाळी बोटीवर जो कुणी असेल तो.

आई गप्प झाली. तिची काळजी रास्त आहे. मगर, भोवरा, पूर या सगळ्यांसकट कृष्णा पाहिलेली बाई ती. मला पाठीला भोपळा बांधून नदीत सोडलं तेव्हा दोराचं टोक तिच्या हातात होतं.

२२ जानेवारी

आज कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. बुडी मारण्याआधीच्या आरोग्यपत्रकात पंचेचाळिशीच्या पुढच्यांना जादा प्रश्न आहेत: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घरात कुणाला हृदयविकार. वडिलांचं निधन हृदयविकाराने झालं, त्यामुळे मला एका ठिकाणी ‘हो’ लिहावं लागतं आणि एकदा ‘हो’ आलं की डॉक्टरांची सही लागते. काही जण सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. हे मला अजिबात पटत नाही. पाण्याखाली छातीत दुखू लागलं तर त्या माणसाला वर आणताना दुसऱ्याचाही जीव पणाला लागतो. ट्रेडमिलची तपासणी गेल्या आठवड्यात झाली, अहवाल चांगला आहे.

कानाची तपासणी पाहण्यासारखी होती. डॉक्टरांनी दुर्बीण कानात धरली आणि म्हणाले, “नाक चिमटीत धरा, तोंड मिटा, हळूच फुंका.” उजवा पडदा लगेच हलला. डाव्याला दोनदा फुंकावं लागलं. “डावा आळशी आहे, पण हलतो,” ते म्हणाले. मग मी त्यांना विचारलं, सर्दी झाली तर गोळी घेऊन उतरलं तर चालेल का? त्यांनी दुर्बीण बाजूला ठेवून सांगितलं, “गोळीचा अंमल खाली असताना उतरला तर वर येताना हवा अडकेल. उतरताना दुखलं तर परत फिरता येतं. वर येताना दुखलं तर कुठे जाल?”

हे वर्गात सांगण्यासारखं आहे. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो हे मुलं पाठ करतात. पण पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, पुढच्या दहा मीटरमध्ये दीडपटच. हवेचं आकारमान सगळ्यात जास्त बदलतं ते पहिल्या काही मीटरमध्ये. म्हणून कान वरच्या वरच दुखतो, आणि तिथेच सावकाश जायचं असतं.

३ फेब्रुवारी

बेटावरच्या तीन डायव्हिंग केंद्रांना सारखीच चौकशी पाठवली होती. एका गाइडमागे किती जण? बोटीवर ऑक्सिजन असतो का, आणि तो किती वेळ पुरेल? एकट्याने येणाऱ्याची जोडी कशी लावता? दाबाच्या आजारावर उपचार करणारा दाबकक्ष कुठे? समुद्र खराब असेल तर बुडी रद्द कोण करतो, आणि पैशांचं काय?

एकाचं उत्तर आलं: काळजी करू नका, आमचे सगळे पाहुणे खूश असतात. त्यांना वगळलं. दुसऱ्यांनी नीट लिहिलं, पण आठ जणांमागे एक गाइड. तिसऱ्या केंद्रातल्या बाईंनी प्रत्येक प्रश्नाला वेगळा परिच्छेद लिहिलाय. जास्तीत जास्त चार जण. ऑक्सिजन प्रत्येक बोटीवर, सकाळी निघण्याआधी दाब पाहून नोंद. जवळचा दाबकक्ष पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या रुग्णालयात, म्हणजे समुद्रमार्गे दोन तासांच्या अंतरावर, त्यामुळे आम्ही बुड्यांचं नियोजन मुद्दाम सावधपणे करतो. गाइड रद्द करतो, तुम्हीही करू शकता, अगदी बोटीत बसल्यावरसुद्धा, आणि त्याचं कारण सांगावं लागत नाही.

या शेवटच्या वाक्यावर मी पैसे भरायचं ठरवलं.

त्यांनी हेही सुचवलं की पहिल्या दोन दिवसांत पुढचा कोर्स करून घ्या, मग ३० मीटरपर्यंत जाता येईल: जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल, जॅक्सन्स बार. ही नावं कॅरन समाजातल्या दर्यावर्दींची. ब्रिटिशांनी १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून कॅरन कुटुंबं मध्य अंदमानात मायाबंदरकडे आणून वसवली. त्यांच्या पुढच्या पिढ्यांतल्या माणसांना इथला समुद्र तळहातासारखा ठाऊक होता. डिक्सन्सचा माथाच १८ मीटरवर सुरू होतो म्हणतात. खाली गोबरा, तांबोशी, बॅराकुडांचे थवेच्या थवे. मन ओढ घेतं. पण मला या खेपेला कोर्सची घाई करायची नाही. उथळ पाण्यात एकाच खडकाशी चाळीस मिनिटं घालवायची आहेत. नेमो रीफ, लाइटहाउस, अ‍ॅक्वेरियम या जागा मला पुरेशा आहेत.

८ फेब्रुवारी

तिकिटं काढली. आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे केली. परतीचं विमान सकाळी. सलग काही दिवस बुड्या मारल्यावर विमानाआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा दंडक आहे. मी पुरे चोवीस धरले. त्याच्याही आधी बेटावरून पोर्ट ब्लेअरला येणारी बोट वाऱ्यामुळे रद्द होऊ शकते, म्हणून आणखी एक रात्र. (सप्टेंबर २०२४ पासून शहराचं नाव श्री विजयपुरम, बोटीच्या तिकिटावर काय छापतात ते पाहायचं.) त्या मोकळ्या दिवशी सेल्युलर जेल. सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय परत आले तर आई घरात घेणार नाही.

विमानाच्या तिकिटापेक्षा बुड्यांचाच खर्च जास्त आहे. दिवाळीपासून बाजूला काढत होते, तेवढ्यात बसतं.

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. कॉलेजला सुट्टी, घरात साबुदाण्याची खिचडी आणि माझ्यासमोर कोरा कागद. हवेचा हिशोब.

ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या टाकीत पाण्याच्या मापाने ११.१ लिटर जागा. २०० बारला भरली की साधारण २,२२० लिटर हवा. मी पृष्ठभागावर मिनिटाला १८ लिटरच्या आसपास वापरते. जलतरण तलावात सरावाच्या वेळी काढलेला आकडा. १८ मीटरवर दाब २.८ पट, म्हणून मिनिटाला ५० लिटर. नियम सांगतो, ५० बार शिल्लक असताना वर या. म्हणजे वापरायला १५० बार, १,६६५ लिटर. भागाकार केला: ३३ मिनिटं. तेच १० मीटरवर राहिलं तर ४६ मिनिटं. उथळ पाणी मला आवडतं त्याचं हे एक हिशोबी कारण.

इथवर हिशोब माझ्या एकटीचा आहे. मग दुसऱ्या बाजूला दुसरा मांडला, आणि दुपारभर त्याच्यातच राहिले.

समजा, १८ मीटरवर जोडीदाराची हवा संपली. तो माझा जादा रेग्युलेटर तोंडात घालतो. आता एका टाकीवर दोघं, आणि दोघंही घाबरलेले. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर सहज ओढतो, म्हणजे दोघांचे ६०. सावरायला, एकमेकांचे पट्टे धरायला, डोळ्यांत बघून ‘ठीक’ची खूण करायला एक मिनिट: ६० गुणिले २.८, म्हणजे १६८ लिटर. मिनिटाला ९ मीटरच्या गतीने वर येताना दोन मिनिटं, वाटेतला सरासरी दाब १.९: २२८ लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, दाब १.५: २७० लिटर. बेरीज ६६६. भागिले ११.१. बरोबर ६० बार.

नियमातले ५० बार पुरत नाहीत. अगदी आणीबाणीत तो तीन मिनिटांचा थांबा सोडता येतो हे मला माहीत आहे, पण ज्याची गरज पडेल ते आधीच सोडून हिशोब का करायचा? शिवाय काटा काही बारने इकडेतिकडे दाखवतो. मी ७० ठरवले. ७० बारला मी वर निघणार. त्याची किंमत १८ मीटरवर जेमतेम साडेचार मिनिटं.

म्हणजे माझ्या टाकीतली शेवटची ७० बार हवा माझी नाहीच. अजून नावही माहीत नसलेल्या माणसासाठी ती मी पाठीवर घेऊन फिरणार आहे. तोही माझ्यासाठी तेवढीच घेऊन फिरेल का, हे मला त्याला विचारावं लागेल. आजवर मी ही सहल ‘माझी’ म्हणून आखत होते: माझी रजा, माझे पैसे, माझा कान. आज कागदावर पहिल्यांदा दुसरा माणूस आला, आणि तो या आखणीच्या मधोमध उभा आहे असं दिसलं.

भाचा बारावीला आहे, त्याला बोलावून हिशोब दाखवला. त्याने बॉइलचा नियम ओळखला आणि विचारलं, “आत्या, मग तो माणूस जास्त घाबरट निघाला तर?” चांगला प्रश्न. ३० च्या जागी ४० घालून त्याच्याकडूनच पुन्हा करून घेतलं. ८० बार आले.

७ मार्च, तारकर्ली

परीक्षेच्या पर्यवेक्षणातून दोन दिवस सुटले आणि उजळणीसाठी इथे आले. बऱ्याच काळात खाली उतरलेलं नसलं की आधी घराजवळ सराव करावा. अंदमानचा महागडा पहिला दिवस मुखवट्यातलं पाणी काढण्यात का घालवायचा? माझा मूळ कोर्स इथल्याच एमटीडीसीच्या प्रशिक्षण केंद्रातला. खास डायव्हिंगसाठी बांधलेला त्यांचा खोल तलाव अजूनही तसाच निळाशार आहे.

सकाळी मालवणच्या समुद्रात उतरायला बोट निघाली. मी घाईघाईने पट्टे आवळत होते तेव्हा तांडेल म्हणाला, “मॅडम, घाय कित्याक? दर्या खंय जाता?” जोडीला नाशिकचा एक तरुण. नुकतं प्रमाणपत्र मिळालेला, अबोल, ओठ कोरडे.

आम्ही एकमेकांची तपासणी केली. त्याच्या जाकिटात हवा भरून पाहिली, सोडून पाहिली. शिशाचे पट्टे, त्यांचा खटका कोणत्या बाजूला उघडतो ते. मग मी त्याला रेग्युलेटरमधून सलग श्वास घ्यायला सांगितला आणि नजर त्याच्या तोंडावर न ठेवता दाबाच्या काट्यावर ठेवली. काटा १९० वर होता. त्याने श्वास घेतला की काटा थरथरून खाली यायचा, सोडला की परत वर. टाकीची झडप अर्धवटच उघडलेली होती. बोटीवर बसून तेवढी हवा पुरते. पण खाली गेल्यावर, दाब तिप्पट झाल्यावर, श्वास अडखळला असता. त्याच्या पाठीमागे हात घालून झडप पूर्ण उघडली. पुन्हा श्वास. काटा जागचा हलला नाही. त्याने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग न सांगता माझी झडप तपासली.

पाण्यात दोन हातांपलीकडे फार काही दिसत नव्हतं. मालवणात तसंच असतं. गाळ, तरंगते जीव, हिरवट उजेड. पण सरावाला हे पाणी उत्तम. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं आणि नाही सापडला तर वर यायचं, हा नियम इथे दर पाच मिनिटांनी आठवतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगाने जातो, त्यामुळे टाकीवर केलेली टकटक ऐकू येते, पण कुठून आली ते कळत नाही. आम्ही हातभर अंतरावर राहिलो. डावा कान तीन मीटरवर अडला. मी हाताने ‘थांब’ केलं, कानाकडे बोट दाखवलं. तो थांबला, माझ्या पातळीवर आला आणि कान सुटेपर्यंत तिथेच राहिला.

८ मार्च

सकाळी निघायचं होतं, दुपारी निघाले. कालच्या बुडीनंतर चोवीस तास होऊ दिले. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पश्चिम महाराष्ट्रातून मालवणला डायव्हिंगला येणारे शेकडो लोक याचा विचार करत नाहीत. दुपारी पाण्यातून बाहेर, संध्याकाळी फोंडा घाट चढून कोल्हापूर. खाली असताना दाबामुळे रक्तात आणि चरबीत जादा नायट्रोजन विरघळलेला असतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. बाहेरचा दाब अचानक कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. विमानात दाब कमी होतो, तसा घाटातही होतो. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर जाणं डायव्हिंगच्या शास्त्रात उंचीवर जाणंच धरतात, आणि कोल्हापूर-सांगली साडेपाचशेच्या आसपास आहेत. एका उथळ, छोट्या बुडीनंतर धोका थोडा. दोन-तीन खोल बुड्यांनंतर तसा नाही.

हे शास्त्र माणसांनी फार सोसून शिकलं. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे पाये घालताना दाबाच्या पेट्यांत काम करणारे मजूर वर आल्यावर वेदनांनी वाकायचे. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः त्याने पंगू झाला. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. आज मनगटावरचं यंत्र जे आकडे दाखवतं त्यांचं मूळ तिथे आहे. मालवणच्या प्रत्येक बोटीवर ‘घाट उद्या चढा’ अशी पाटी लावायला हवी.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. नवा मुखवटा आणला होता, त्याच्या काचेला कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. तो तसाच राहिला की काच खाली सारखी धुरकटते. टूथपेस्ट लावून बोटाने गोल गोल चोळलं, धुतलं, पुन्हा चोळलं. काचा नंबरच्या करून घेतल्यात. पाण्याखाली वस्तू तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते, तरी काट्यावरचा आकडा चष्म्याशिवाय मला वाचता येत नाही, आणि तो वाचता आलाच पाहिजे.

बाकी सामान भाड्याने. स्वतःचं एवढंच: मुखवटा, मनगटावरचं यंत्र, शिट्टी, आणि पाण्यावर उभा राहणारा लांब नारिंगी फुगा. प्रवाहाने बोटीपासून लांब नेलं तर लाटांमध्ये माणसाचं डोकं दिसत नाही, फुगा दिसतो.

१ एप्रिल

गठ्ठे तपासता तपासता रात्री प्रवाळांवर वाचतेय. अंदमानातले प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. २०२४ मध्ये जगभर तेच झालं आणि लक्षद्वीपला जबर फटका बसला. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं, प्रवाळाला देतं आणि रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने काही आठवडे गरम राहिलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो. लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परततं. नाही निवलं तर उपासमार. आणि २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानची जमीन उचलली गेली तेव्हा कितीतरी प्रवाळ पाण्याबाहेर येऊन वाळले.

मी जातेय तोच तिथला गरम काळ आहे. कदाचित मला पांढरे खडक दिसतील. छायाचित्रांतले रंग मनात धरून उतरायचं नाही असं ठरवलंय. शिवाय लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच पाण्यात विरतो, छायाचित्रात दिसतो तो दिव्याचा. जे जिवंत आहे ते नीट पाहायचं. पाय वर, हात छातीशी, गुडघा कुठेही टेकायचा नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, मेलेला तुकडाही उचलायचा नाही. भाच्याने शंख मागितला होता, त्याला सांगितलं की बाजारात पावतीसह मिळाला तर.

१२ एप्रिल

घरासाठी एक कागद केला: बोटींच्या वेळा, केंद्राचा आणि खोलीचा फोन, विम्याचा क्रमांक. नेहमीच्या आरोग्यविम्यात साहसी खेळ वगळलेले होते, बारीक अक्षरात. म्हणून डायव्हिंगचा वेगळा घेतला, त्यात दाबकक्षाचे उपचार धरलेत. कागदाच्या खाली लिहिलं: रोज दुपारी दोनपर्यंत फोन करीन. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल गेल्यापासून बेटांवरचं फोनचं दुखणं बरंच कमी झालंय.

आई मगरींचं वाचून बसली आहे. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्कलिंग करणारी एक अमेरिकन तरुणी खाऱ्या पाण्यातल्या मगरीने मारली, हे खरं आहे. मी तिला खोटा दिलासा दिला नाही. खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाजवळ, संध्याकाळी पाण्यात जायचं नाही. जिथे पाटी आहे तिथे तर नाहीच. औदुंबर-भिलवडीच्या घाटावर आपण जे पाळतो तेच. हे ऐकून तिचं थोडं समाधान झालं. “आणि मन नाही म्हणालं तर?” तिने विचारलं.

तर नाही उतरणार. एकटीने जाण्यातली ही मोठी सोय आहे. बरोबर कुणी आलेलं नाही, कुणाचा हिरमोड होणार नाही. बोटीत तयार होऊन बसल्यावर ‘आज नको’ म्हणायचं आणि वर बसून पाणी बघायचं, एवढं मला जमायला हवं. त्याचा सराव तलावात करता येत नाही.

१८ एप्रिल

शेवटचा गठ्ठा दिला. पिशवी भरून दाराशी आहे. तिकडे पाच-सव्वापाचलाच सूर्य उगवतो आणि बोट सहाच्या ठोक्याला हलते, म्हणून या आठवडाभर चारला उठतेय.

केंद्रातल्या बाईंचा निरोप आला. माझी जोडी एका बंगाली शिक्षिकेशी लावली आहे. त्याही एकट्याच येताहेत, माझ्याच वयाच्या, प्रमाणपत्रही १८ मीटरचंच. मालवणात मी जोडीदाराबद्दल जे शिकले ते सगळं आता नावासकट एका माणसाला सांगता येईल. पहिल्या सकाळी काय बोलायचं ते लिहून काढलं. हिंदीत बोलावं लागेल, आधी मराठीत पक्कं केलं.

माझा डावा कान पहिल्या पाच मीटरला वेळ घेतो, मी दोरीला धरून हळू उतरेन, तुम्ही माझ्यापुढे जाऊ नका. मी डाव्या बाजूला राहीन, तुमचा काटा मला दिसला पाहिजे. १०० बारला आपण एकमेकींना सांगायचं, ७० ला दोघींनी वर, समोर काहीही दिसत असलं तरी. माझा जादा रेग्युलेटर इथे, छातीवर, पिवळी नळी. एकदा ओढून बघा, निघतो का. मला खाली थंडी वाजू लागली की मी दंड चोळते, ती वर जाण्याची खूण समजा. दोघींपैकी कुणीही अंगठा वर केला की चर्चा नाही, वर. आणि आज उतरायचं नसेल तर आत्ताच सांगा, मला चालेल, मी गाइडबरोबर जाईन किंवा तुमच्याबरोबर बोटीत बसेन.

माझं एवढंच. आता तुमचं सांगा.